शाळेसाठी कलाटणी असलेली लघुकथा लिहायची आहे, शेवट कसा सुचेल?

तू नववीत आहेस, दोन पानांची कथा लिहायची आहे, बाईंनी शेवटी कलाटणी मागितली आहे आणि नेमका शेवटच सुचत नाहीये, असं तू विचारलंयस. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. अशा कथा दरवर्षी गठ्ठ्याने तपासते, म्हणून अगदी मनापासून सांगते: आधी एखादा गैरसमज शोध. कथेतल्या कुणाचा तरी एखाद्या गोष्टीबद्दल गैरसमज झालेला असतो, वाचकालाही तेच खरं वाटत असतं, आणि शेवटी दोघांनाही एकदम खरं काय ते कळतं.

फ्रेंच लेखक मोपासाँची हाराची कथा बघ, १८८४ सालची. बाई मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते आणि तो हरवतो. नवरा-बायको कर्ज काढून ३६,००० फ्रँकचा तसाच हार परत करतात आणि पुढची दहा वर्षं ते कर्ज फेडण्यात झिजतात. मग मैत्रीण सांगते, माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. पण खूण आधीच दिलेली आहे. डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव असतं तो म्हणतो, हार आमच्याकडचा नाही, आम्ही फक्त डबी दिली असणार. आपण ते वाक्य वाचतो आणि पुढे जातो. मला या कथेत सगळ्यात आवडते ती ही डबी.

आता तुझ्या घरातलं काहीतरी घे. समजा, आजोबा रोज संध्याकाळी नातवाला पेपर मोठ्याने वाचायला बसवतात. खेळ बुडतो म्हणून तो वैतागतो. आजोबांना दिसत नाही, असं त्याने धरून चाललेलं आहे. मधे एक वाक्य टाक: ‘आजोबा तांदळातले खडे वेचत म्हणाले, सावकाश वाच, मला घाई नाही.’ आणखी एक: वर्गात धडा वाचायची पाळी आली की सर त्याला वगळून पुढच्याला उठवतात. शेवटी स्नेहसंमेलनात तो निवेदन करतो, टाळ्या घेतो, धावत घरी येतो. आजोबा खिडकीपाशी बसून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत असतात. तेवढ्यावर थांब.

मुलगा बोलताना अडखळायचा, हे कथेत कुठेही लिहायचं नाही. तो स्वतःच ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतोय आणि त्याला त्याची लाज वाटते, म्हणून तो ते टाळतो. म्हणजे वाचकाची फसवणूकही होत नाही. ‘मी’ असा निवडलास की अर्धं काम झालं.

खुणा दोन किंवा तीन पुरेत. त्या परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नकोस, तिथे त्या डोळ्यांत भरतात. दुसरं काहीतरी चाललेलं असताना मधेच येऊ देत, तांदळातल्या खड्यांसारख्या. शेवटचं वाक्य आधी लिहून काढ आणि मग सुरुवातीला ये.

‘आणि मला जाग आली’ हा शेवट मात्र कृपा करून टाळ. मागचं सगळं वाचलेलं त्याने वाया जातं, आणि मुलं इतक्या मेहनतीने लिहितात की ते वाचताना मला खरंच वाईट वाटतं. अचानक अपघात, अचानक जुळा भाऊ, यांचंही तेच. आणि कलाटणी आली की त्यानंतर ‘तेव्हा मला समजलं की…’ असा परिच्छेद जोडू नकोस.

लिहून झालं की घरात कुणाला तरी वाचून दाखव. अर्ध्यावरच शेवट ओळखला, तर एक खूण काढून टाक. शेवट ऐकून ‘हे कुठून आलं?’ असं विचारलं, तर एक वाढव.