गुरुवारची गोळी गुरुवारीच

प्रश्न : माझ्या आईचं वय ६१. आमवात खूप बळावलाय. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या दर गुरुवारी एकदम घ्यायला सांगितल्यात. तीन आठवडे झाले, पण सकाळी तिला कपाचा कानही धरवत नाही. त्यात हे कॅन्सरचं औषध आहे असं कुणीतरी सांगितल्याने ती घाबरलीय. एकदम सहा घेण्यापेक्षा रोज एक दिली तर चालेल का?

उत्तर : ताई, नाही. चुकून रोज सुरू केली असेल तर आजच थांबवा आणि आईला काही त्रास दिसत नसला तरी लगेच डॉक्टरांना गाठा.

तुमचा हिशेब वरवर बरोबर वाटतो. सहाच्या जागी सातच गोळ्या होतात. पण हे औषध पेशींना फॉलिक ॲसिड, म्हणजे नव्या पेशी बनायला लागणारं एक ब जीवनसत्त्व, वापरू देत नाही. आठवड्यातून एकदा घेतलं की रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला मधल्या दिवसांत सावरता येतं. रोज घेतलं की ती उसंतच उरत नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, जिवावर बेतू शकतं.

माझ्याकडे एक आजोबा आले होते. तोंडभर फोड, पाण्याचा घोटही उतरेना. मुलाने सोबत सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणली होती. उघडून पाहिली तर दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी आठवड्यातून एकदा आणि मेथोट्रेक्सेट रोज, अशी अदलाबदल झालेली. दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान! मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं देऊन ते वाचले, पण तेव्हापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर वार अक्षरी लिहितो. तुम्हीही पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त गुरुवार’ लिहा. फॉलिक ॲसिड वेगळ्या डबीत ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वारीच द्या. नवीन स्ट्रिप आणली की आकडा वाचा. ही गोळी १० मिलिग्रॅमचीही मिळते. त्या सहा घेतल्या तर पंधराऐवजी साठ मिलिग्रॅम पोटात जातील.

ताप, घसादुखी, तोंडात फोड, उगाच उठणारे काळेनिळे डाग, कोरडा खोकला, धाप, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. उलट्या-जुलाब होत असतील तेव्हाही तसंच. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडातून औषध नीट बाहेर पडत नाही. लघवीच्या संसर्गासाठी दुसरे डॉक्टर औषध देत असतील तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. अशा संसर्गावर देतात ते को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत घेणं धोक्याचं आहे. रक्ततपासण्या चुकवू नका. यकृत आणि रक्तपेशींवरचा परिणाम अनेकदा बाहेरून काहीच न जाणवता सुरू होतो.

आईच्या भीतीबद्दल सांगतो. औषध तेच, पण कॅन्सरमध्ये त्याचे डोस बहुधा कितीतरी मोठे असतात. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्येच मान्यता मिळाली. ही वेदनाशामक गोळी नव्हे, त्यामुळे घेतल्या दिवशी आराम पडत नाही. गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तुमचे तीनच झालेत. पण तोवर आईने दुखणं नुसतं सोसत बसायचं असं मुळीच नाही. कप धरवत नाही, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. मधल्या काळापुरतं कमी मात्रेचं स्टेरॉइड देता येतं, आणि ते द्यायचं का हे तिची शुगर, रक्तदाब पाहून तेच ठरवतील.