सिकलसेल तपासणीला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

नंदुरबारमधल्या धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर सिकलसेल (हिमोग्लोबिनमधल्या दोषाचा आनुवंशिक आजार) तपासायला निघण्याआधी सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे त्याच्या प्राथमिक चाचणीवर, हात बसू दे. ती सोपी वाटते, तिथेच घात होतो. नळीतल्या २ मिली चाचणी-द्रावणात बोटाचं २० मायक्रोलिटर रक्त मिसळ, ५ मिनिटं थांब आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धर. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घे, नाहीतर दोष असूनही नळी स्वच्छ दिसते. सहा महिन्यांखालच्या बाळाचा निगेटिव्ह निकाल धरायचा नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. नुकतंच रक्त चढवलंय का, हेही विचार. द्रावणातलं डायथायोनाइट हे रसायन हवेने आणि उष्णतेने निकामी होतं, म्हणून बाटली उन्हात तापणाऱ्या जीपमध्ये ठेवू नकोस. रोज सकाळी आधी माहितीतला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून बघ.

गढूळ नळी म्हणजे आजार नव्हे. वाहक (एएस, दोष एकाच पालकाकडून आलेला) आणि रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला), दोघांचीही नळी तशीच दिसते. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवर. तोवर कागदावर ‘रुग्ण’ लिहू नकोस. त्या एका शब्दाने सोयरीक मोडू शकते.

‘हे आमच्यातच का?’ असं विचारतील. ‘तुमच्या रक्तातच खोट’ असलं काही तोंडातून जाऊ देऊ नकोस. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, दोष एवढाच. तो एकाच पालकाकडून आला तर फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार सहसा जिवावर बेतत नाही. मलेरियाच्या पट्ट्यात अशी मुलं जास्त जगली, म्हणून हे जनुक टिकलं. शास्त्रज्ञ अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या संदर्भात हे मांडलं. मच्छरदाणी मात्र वाहकालाही लागतेच, आणि एसएस रुग्णाला मलेरिया उलट जास्त घातक ठरतो.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ हा समज घट्ट असतो. दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो, हे समजेपर्यंत सांग.

रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांग, विशेषतः उन्हाळ्यात. ताप आला तर घरी थांबू नये. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मनाने बंद करायचं नाही.

शिबिर होळीच्या आसपास ठेव. ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं तेव्हा घरी असतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा दिवस टाळ, कोणी फिरकणार नाही. आणि रिपोर्ट ती परत निघण्याआधी त्यांच्या हातात पडेल असं प्रयोगशाळेशी आधीच ठरवून घे.