मिसफायर नंतर बघू, आधी ती ‘एफडी’ बघा

नाशिकहून पत्र आलंय. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, सव्वा लाख किलोमीटर झालेत, मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलंय. आठ महिने झाले गाडी मिसिंग करतेय (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही), सिग्नलला थरथरते, चढाला झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो. चारही प्लग बदलले, एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली, इंजेक्टर (इंधन फवारणारे) साफ केले, ३८ हजार गेले आणि मिसिंग आहे तिथेच. आता गॅरेजवाला इंजिन खोलू म्हणतो, ६५ हजार. शोरूमवाला म्हणतो ९ लाखांची नवी घ्या. पगार हातात ६२ हजार, घराचा हप्ता २१ हजार, घरात चार माणसं. प्रश्न असा, की इंजिनचं काम करू का २ लाख डाऊन पेमेंट भरून ७ लाखांचं लोन काढू?

आणि मग शेवटची ओळ: “डाऊन पेमेंटला बँकेतली २ लाखांची एफडी मोडेन, तिचा तिसरा हप्ता फेब्रुवारीत आहे, त्याचे १ लाख बाजूला ठेवलेत, पण पाच वर्षांत दुप्पट होणारेत म्हणून मोडायचं जीवावर येतंय.”

अहो, एफडीला हप्ता नसतो.

मी कागद मागवला, त्यांनी फोटो पाठवले, आणि जी भीती होती तेच निघालं. ही एफडी नाहीच, आयुर्विमा पॉलिसी आहे. दहा वर्षं दरसाल १ लाख भरायचे, पैसे विसाव्या वर्षी, आणि एजंटने दाखवलेल्या तक्त्यात सगळं धरून २२ लाख. म्हणजे वर्षाला साधारण ५ टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्याने टाकले तर विसाव्या वर्षी २९ लाखांच्या आसपास होतात. विमा म्हणाल तर १० लाखांचा, चार माणसांच्या घराला त्यात दोन वर्षंसुद्धा निघणार नाहीत. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात, आणि ते खात्रीने देणारी कुठलीही बँक या देशात नाही, काउंटरपलीकडचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी नाही. बँकेत एफडी करायला आलेल्या माणसाच्या हातात ही पॉलिसी देतात याचा मला प्रचंड राग येतो, कारण माणूस बँकेवर विश्वास टाकून सही करतो, वाचून नाही.

आता मोडायला गेलात तर २ लाख मिळणार नाहीत. तुमची पॉलिसी फेब्रुवारी २०२४ ची, सरेंडरचे (मुदतीआधी पॉलिसी सोडण्याचे) सुधारलेले नियम ऑक्टोबर २०२४ पासूनचे. जुन्या नियमात इतक्या लवकर सोडली तर भरलेल्या पैशाच्या तीस-पस्तीस टक्क्यांचीच हमी, म्हणजे ६०-७० हजार. तुमचं डाऊन पेमेंट इथेच संपलं.

तरी समजा कुठून तरी जमवलंत. ७ लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं, हप्ता साडेअकरा हजार, नुसतं व्याजच अडीच लाखांच्या वर. घराचे २१, गाडीचे साडेअकरा, पॉलिसीचे महिन्याला पडतात ते आठ-सव्वाआठ, उरले २१ हजार, त्यात किराणा, शाळा, लाइटबिल, गॅस आणि नव्या गाडीचा इन्शुरन्स. नाही होणार. नवी गाडी आत्ता नाहीच.

आणि ते ३८ हजार तुम्ही क्रेडिट कार्डवर टाकलेत आणि दर महिन्याला ‘मिनिमम’ भरताय, हे पत्रात कंसात लिहिलंय जणू काही विशेष नाही. तुमच्या स्टेटमेंटवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज छापलंय, वर्षाला ४२ टक्के. म्हणजे दर महिन्याला तेराशेच्या पुढे नुसतं व्याज, आणि त्याच वेळी १ लाख रुपये सेव्हिंगला पडून, कशासाठी तर ५ टक्केवाल्या पॉलिसीसाठी.

तर तो फेब्रुवारीचा हप्ता भरू नका. आधी बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नाहीतर पैसे आपोआप कापले जातील आणि मग रडून उपयोग नाही. त्या १ लाखातून आजच कार्ड पूर्ण भरा. पंधरा-वीस हजार गाडीला ठेवा, बाकी हात न लावता अडीअडचणीला. कारण तुमच्याकडे अडीअडचणीचा फंड म्हणून जे होतं ते ही ‘एफडी’च होती, म्हणजे काहीच नव्हतं.

पॉलिसीचं पुढे काय? लगेच सरेंडर करू नका, आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, की एफडी सांगून विकली, पूर्ण पैसे परत द्या. तुमच्याकडे पॉलिसी विकणाऱ्या माणसाचे व्हॉट्सअॅप मेसेज आहेत ज्यात तो स्वतः ‘एफडी’ लिहितोय, ते जपून ठेवा, फोन बदलायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही किंवा नाही म्हणाली तर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जा, नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस, फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. तिथेही नाहीच झालं तर कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या, आज सोडली तर किती आणि पेडअप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर शेवटी किती. पेडअपचा आकडा सरेंडरच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर १८ वर्षांत ८ टक्क्यांच्या वर पडतात, राहू दे. कमी असेल तर सोडा. विमा हवाच आहे, त्यासाठी टर्म (नुसता विमा, मुदत संपली की पैसे परत नाहीत) घ्या, तुमच्या वयाला १ कोटीचा साधारण पंधरा-वीस हजारांत येतो. आणि टर्म हातात आल्यावरच ही सोडायची.

आता गाडी. इथेही तेच झालंय, तपासायच्या आधी पैसे गेलेत. स्कॅनरवर पी०३०२ आला असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरला, मग चारही प्लग आणि सगळे इंजेक्टर कशाला? फुकटात होणारी तपासणी आधी करायची: दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच खराब, दोन-तीन हजारांत विषय संपला. कॉइलच्या कनेक्टरची वायर हलवून बघा, जुन्या गाडीत ती सैल होते, उंदीर कुरतडतात. मग दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. गॅसला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग असेल तर दोष प्लग-कॉइल किंवा किटच्या ट्यूनिंगचा. दोन्हीवर मिसिंग असेल तरच पुढे, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं, हजार रुपयांच्या आसपास. चारही सिलिंडर सारखे आले तर इंजिन खोलायचं कारणच नाही, इंजेक्टर बघा आणि मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारी नळी) हवा गळते का ते बघा. दुसराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर बहुतेक व्हॉल्व्ह, आणि सीएनजीवर चाललेल्या गाडीत माझा पहिला संशय व्हॉल्व्हवरच, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजते, क्लिअरन्स (मधली फट) कमी होतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ते नुसतं हेडचं, इंजिनच्या वरच्या भागाचं काम आहे, पूर्ण इंजिनचं नाही, ६५ हजार लागत नाहीत.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, न जळलेल्या इंधनामुळे सायलेन्सरकडचा धूर साफ करणारा कन्व्हर्टर जळतो.

रिंगा गेल्या असतील तर ६५ हजार घालू नका. २०२७ ला या गाडीचं आरसी रिन्यूअल आहे, ५ हजार फी, फिटनेस, वर पर्यावरण कर, आणि ते करूनही तिला किंमत येणार नाही. तेव्हा एक्स्चेंजमध्ये देऊन टाका आणि दोन-अडीच लाखांची चांगली सेकंडहँड बघा, कार्ड भरून झाल्यावर महिन्याला जे आठ हजार पॉलिसीत जाणार होते त्यातूनच दोन-अडीच वर्षांत जमतील, तोपर्यंत बाइक आणि बस. कॉम्प्रेशनचे चार आकडे आले की कळवा.