म्युनिकहून एका दिवसात जुनं शहर पाहायचंय : रोथेनबुर्ग की रेगेन्सबुर्ग?

रेगेन्सबुर्गला जा. म्युनिकहून थेट गाडी आहे, साधारण दीड तासात पोचता. रोथेनबुर्गला गाड्या बदलत जावं लागतं आणि निम्मा दिवस प्रवासातच जातो. शिवाय रोथेनबुर्गचा बराच भाग १९४५च्या बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा बांधलेला आहे, रेगेन्सबुर्गचं जुनं शहर मात्र युद्धातून बरंचसं वाचलं. डॅन्यूबवरचा १२व्या शतकातला दगडी पूल आधी बघा. त्याच्या टोकाशीच सॉसेजची जुनी खानावळ आहे (डुकराचं मांस चालत नसेल तर सरळ पुढे व्हा), मग सेंट पीटर कॅथेड्रल. स्टेशनपासून सगळं चालत बघून होतं. फक्त बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर चालणारं तिकीट) काढणार असाल तर सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं.