इंग्लिश काउंटी क्रिकेटमधला (म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांमधला) फारसा माहीत नसलेला, पण जाणून घ्यावा असा खेळाडू कोण?

माझं उत्तर : हॅरॉल्ड गिम्ब्लेट. सॉमरसेटच्या पश्चिम भागात क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी बिकनॉलर नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरात १९१४ साली त्यांचा जन्म झाला. जवळच्या वॉचेट या बंदराच्या गावाकडून ते खेळायचे.

मे १९३५. सॉमरसेट काउंटीच्या संघाने चाचणीला बोलावून 'तू काही या दर्जाचा नाहीस' असं जवळपास सांगून टाकलं होतं. ऐन वेळी एक जागा रिकामी झाली म्हणून फ्रोम या गावातल्या सामन्यात नाव लागलं. सकाळी बस चुकली, म्हणून एका लॉरीत बसून हा विशीतला पोरगा निघाला. एसेक्सविरुद्ध संघाची अवस्था ६ बाद १०७. हे आठव्या क्रमांकावर आले, हातात संघातल्याच आर्थर वेलार्डची उसनी बॅट, आणि ६३ मिनिटांत शतक! त्या मोसमातलं सगळ्यांत वेगवान शतक तेच ठरलं. मला तर हा प्रसंग कितीदाही सांगावासा वाटतो.

आपल्याशीही त्यांचा संबंध आहे. १९३६ साली लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केलं ते भारताविरुद्धच, आणि दुसऱ्या डावात नाबाद ६७ धावा काढल्या. कसोट्या मात्र तीनच मिळाल्या. सॉमरसेटसाठी २१,००० हून जास्त धावा, १९४८ मध्ये ससेक्सविरुद्ध एका डावात ३१०. आतून मात्र हा माणूस नैराश्याशी झुंजत होता. १९५४ मध्ये त्यापायीच खेळ सुटला.