आमदारांचे ‘शेकडो प्रश्न’ कसे तपासायचे?

प्रश्न : हिवाळी अधिवेशन आटोपलं की आमच्या आमदारांचं पत्रक घरी येतं. यंदा ‘शेकडो प्रश्न मांडले, कोट्यवधींचा निधी आणला’ असं छापलंय. हे पडताळायचं कसं? त्यांची खरी भूमिका कुठे कळेल?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : प्रश्नांचा आकडा आधी बाजूला ठेवा. एकाच तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावं असतात आणि तो प्रत्येकजण आपल्या खात्यात धरतो. शिवाय मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. देवेंद्र फडणवीस 1999 पासून नागपुरातून आमदार आहेत. 2014 ते 2019 या मुख्यमंत्रिपदाच्या काळातले त्यांचे प्रश्न मोजायला बसाल तर हाती भोपळाच येईल.

त्याऐवजी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरांची यादी उघडा. साचा ठरलेला : ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरंही ठरलेली : ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि शेवटी हमखास ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘कार्यवाही सुरू आहे’वर आमदार गप्प बसले, की पुढच्या अधिवेशनात नियम 105 खाली लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावली किंवा अर्धा तास चर्चा मागितली, ते बघा. पाठपुरावा असेल तर तो इथेच सापडतो.

भूमिका मतदानावरून शोधू नका. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात, त्यात कोणाचं नाव नोंदलं जात नाही. मतविभागणी झालीच तर पक्षादेश असतो. तो मोडला तर आमदारकीवर बेतू शकतं. आमदारांचं स्वतःचं म्हणणं अशासकीय (मंत्र्यांऐवजी आमदारानं मांडलेल्या) विधेयकांत, ठरावांत आणि कामकाजाच्या वृत्तांतातल्या भाषणांत असतं. अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होतं, तरी ते जरूर वाचा.

आता निधी. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून ते कामं फक्त सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘आमदारांनी काय केलं?’ असं विचारलंत तर अर्ज निकाली निघतो. ‘अमुक वर्षात सुचवलेल्या कामांची यादी, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, कार्यारंभ आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती’ असं लिहा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. मग पत्रक शेजारी ठेवून एकेक काम जुळवा. महानगरपालिकेनं किंवा सार्वजनिक बांधकाम विभागानं स्वतःच्या पैशांतून केलेले रस्तेही पत्रकात सर्रास घुसवलेले असतात. ते या यादीत येणार नाहीत.