न्यूट्रिनो अमुक स्फोटातूनच आला, हे कशावरून ठरवतात?

न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणारा, विद्युतभार नसलेला इवलासा कण. त्याच्यावर काही गाव-पत्ता लिहिलेला नसतो, मग हा योगायोग नाही कशावरून, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात उत्तर : घड्याळावरून. दिशा बघतातच, पण क्षणिक घटनांसाठी खरी चाळणी वेळेची.

२३ फेब्रुवारी १९८७ घ्या. जपानच्या कामिओका खाणीत पाण्याची प्रचंड टाकी होती. बांधली होती प्रोटॉन फुटतो का ते बघायला. तो काही फुटला नाही. मोठ्या मॅगेलनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, तारा फुटल्याची बातमी आली, तेव्हा तिथल्या मंडळींनी जुन्या चुंबकीय टेप काढून चाळल्या. सुमारे १३ सेकंदांत ११ न्यूट्रिनो! एरवी इतकी दाटी होतच नाही. गंमत म्हणजे त्यांचं घड्याळ मिनिटभर पुढे-मागे असू शकत होतं. पण अमेरिकेत ओहायोच्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबी नावाच्या तशाच यंत्राचं घड्याळ नेमकं होतं आणि तिथेही त्याच सुमारास ८ सापडले. शिवाय हे सगळे ताऱ्याचा उजेड दिसायच्या काही तास आधीचे. तसंच व्हायला हवं : न्यूट्रिनो गाभ्यातून लगेच सटकतात, उजेडाला मात्र धक्कालहर पृष्ठभागापर्यंत पोचेस्तोवर थांबावं लागतं.

इतकं सोपं पुन्हा झालेलं नाही. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्रणेत घन किलोमीटरभर बर्फात ५,१६० संवेदक पुरलेत आणि वातावरणातून येणारे म्यूऑन नावाचे कण त्यावर सेकंदाला अडीच-तीन हजार आदळतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना दारावरची टकटक ऐकण्यातला प्रकार. २२ सप्टेंबर २०१७ ला सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचा एक न्यूट्रिनो आला आणि ४३ सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना सूचना गेली. त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार (गाभ्यातल्या महाकाय कृष्णविवरापासून आपल्या रोखाने झोत सोडणारी दीर्घिका) होता आणि नेमका त्या दिवसांत गॅमा किरणांत भडकलेला. जुळणी ३ सिग्माची, म्हणजे योगायोगाची शक्यता ढोबळमानाने हजारात एक. मग जुन्या नोंदी उपसल्या, तर २०१४-१५ मध्ये त्याच जागेहून तेराएक न्यूट्रिनो जास्तीचे निघाले (३.५ सिग्मा). पण तेव्हा गॅमा किरणांत भडका नव्हता! मला हे खटकतं. शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात, म्हणून मी याला 'भक्कम संशय' म्हणतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले, तेव्हा गुरुत्वलहरींनी (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांनी) क्षण नेमका सांगितला होता. त्याच्या आगे-मागे ५००-५०० सेकंद शोधलं, पुढचे १४ दिवसही शोधलं. त्या टकरीतून आलेला म्हणावा असा न्यूट्रिनो एकही सापडला नाही.